पोळ्याला वसुलीचा फोन करू नये

पारोळा तालुक्यातल्या एका तरुण दुकानदाराने विचारलं आहे. बी.एस्सी. ॲग्री झालेला मुलगा, दोन वर्षांपूर्वी कृषी केंद्र टाकलं. दीडशेच्या आसपास खाती, अकरा लाख उधारी बाहेर. तो लिहितो: "शेतकरी अडचण सांगतो, मला वाईट वाटतं, मी माल देतो. रात्री झोप लागत नाही. वडील म्हणतात, धंद्यात दया-माया ठेवली की दिवाळं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात, ग्राहकाला समजून घ्या. एक आप्पा तर आता फोनच उचलत नाहीत. काउंटरवरच्या मुलाला घरच्यासारखं वागवलं, तो शेजारच्या दुकानात गेला. दुसऱ्याला समजून घेण्याचा धंद्यात खरंच उपयोग असतो का, की हा नुसता बोलायचा विषय?"

भाऊ, तुला अरे-तुरे करतो, वयाने तेवढा अधिकार आहे. चोपड्याला बत्तीस वर्षं मी हेच दुकान चालवलं. बियाणं, खतं, औषधं, मग ठिबक. आता मुलगा बसतो. मी सकाळी दोन तास जाऊन त्याला नको असलेले सल्ले देतो. अधूनमधून डेसीच्या, म्हणजे कृषी दुकानदारांसाठीच्या डिप्लोमाच्या वर्गात नव्या दुकानदारांपुढे बोलायला बोलावतात. हाच प्रश्न तिथेही येतो, फक्त वर्ग सुटल्यावर, चहाच्या टपरीवर, हळू आवाजात.

उपयोग आहे. पण तू आज जे करतो आहेस त्याला समजून घेणं म्हणत नाहीत, आणि ते मी तुझ्याच पत्रातून दाखवतो.

तू लिहिलं आहेस की उधारीची मुदत नव्वद दिवसांची ठेवली आहे. जूनमध्ये बियाणं-खत नेलं की नव्वद दिवस भरतात सप्टेंबरात. त्या वेळी पारोळ्याच्या कोरडवाहू कपाशीवाल्याच्या घरात काय असतं? शाळेच्या वह्या-पुस्तकांचे पैसे जूनमध्येच गेले. निंदणीची मजुरी जुलै-ऑगस्टात रोख द्यावी लागली. श्रावणात घरात कानबाई देवी बसली, भाऊबंद जमले, तिच्या नैवेद्याचे रोट झाले. मग पोळा. बैल असो की नसो, पुरण शिजतंच. पुढे गणपती, मग पितृपक्ष. कपाशी रानात बोंडावर आली आहे आणि घरात दहाची नोट नाही. वर्षातला सगळ्यात कोरडा महिना हाच. आणि नेमकं त्याच महिन्यात तुझ्या दुकानातून फोन जातो: आप्पा, मुदत संपली.

फोनवर तो काय सांगणार? "दोन दिवसांनी येतो." तो खोटं बोलतो आहे असं तुला वाटतं. खरं म्हणजे तूच त्याला खोटं बोलायला लावलंस, कारण खरं उत्तर एकच होतं, "माझ्याकडे काही नाही", आणि ते चारचौघांत फोनवर कोण बोलेल? दोनदा-तीनदा असं खोटं बोलल्यावर माणसाला आपलीच लाज वाटते, मग तो फोन उचलणं बंद करतो. तुझे आप्पा इथपर्यंत आले आहेत.

ही नव्वद दिवसांची मुदत आली कुठून? बहुतेक तुझ्या होलसेलरकडून. त्याने तुला जी मुदत दिली ती तू पुढे सरकवलीस. त्याचं कॅलेंडर शहरातलं. तुझ्या गिऱ्हाइकाचं कॅलेंडर कपाशीचं. पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास, थोडा माल दिवाळीच्या खर्चाला विकला जातो, खरा पैसा दिवाळीनंतर ते संक्रांत. म्हणून माझ्या वहीत कोरडवाहू कपाशीवाल्याचा वायदा नेहमी दोन तुकड्यांत असायचा: निम्मे-पाऊण दिवाळीनंतरच्या पंधरा दिवसांत, उरलेले संक्रांतीच्या आत. केळीवाल्याचा वायदा वेगळा. मृग बाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली असेल तर कापणी पुढच्या उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडाशी, कांदे बाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली असेल तर त्याच्यापुढे तीन-चार महिने. त्याला दिवाळीला विचारून काय मिळणार? घड झाडावर लटकलेले आहेत, ते खिशात नाहीत.

अजून एक प्रश्न मी माल देतानाच विचारायचो: कापूस कुठे देता? खेडा खरेदीत देत असेल तर दाराशी रोख मिळते, भाव थोडा कमी, पण चार दिवसांत माझ्याकडे येऊ शकतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर देणार असेल तर हमीभाव मिळतो, पैसे बँकेत जातात, त्याला वेळ लागतो, आणि तिथे आधीचं कर्ज थकलेलं असेल तर ते हातात येतीलच असं नाही. आणि मार्चमध्ये तर मी कुणाच्याच दाराशी गेलो नाही. मार्चअखेर सोसायटीचं नवं-जुनं असतं. ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरलं तरच व्याजाची सवलत, म्हणून माणूस पाहुण्यांकडून, सावकाराकडून आठ-दहा दिवसांपुरते उचलून भरतो आणि नवं कर्ज निघालं की परत करतो. त्या आठवड्यात तू गेलास तर तू त्या रांगेतला शेवटचा.

हे सगळं विचारायला फार तर दहा मिनिटं लागतात. मी याला समजून घेणं म्हणतो. त्यात गळा दाटून यावा लागत नाही. आणि ते माल देण्याआधी करायचं असतं. तू आधी माल देतोस आणि वसुलीच्या वेळी समजून घेतोस. त्या वेळी समजून घेण्यासारखं एकच उरलेलं असतं: त्याच्याकडे पैसे नाहीत. ते समजून तुझंही पोट भरत नाही, त्याचंही नाही.

आता झोपेबद्दल. काही वर्षांपूर्वी जळगावात एका प्रशिक्षणाला गेलो होतो. मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, एम्पथी, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन समजून घेणं, हा इंग्रजी शब्द १९०९ मध्ये टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका जर्मन शब्दावरून घडवला. मला हसू आलं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या 'जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे' म्हणायच्या, त्यांना कुणी टिचनर भेटला नव्हता. पण पुढचं त्यांनी जे सांगितलं ते मी अजून धरून आहे. कार्ल रॉजर्स, समुपदेशनातलं मोठं नाव, त्याने एक अट घातली होती: समोरच्याचं जग जणू आपलंच आहे असं अनुभवायचं, पण त्यातला 'जणू' हरवू द्यायचा नाही.

माझा तो 'जणू' धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत हरवला होता. धरणगावच्या बाजूचा एक शेतकरी, वयाने माझ्या वडिलांएवढा, मी त्यांना बापू म्हणायचो. एका वर्षी पाऊस गेला, पुढच्या वर्षी बैल गेला, तिसऱ्या वर्षी मुलीचं लग्न. तिन्ही वर्षी मी माल दिला, मागचं न विचारता. घरी येऊन बायकोला सांगायचो, त्यांचं फार हलाखीचं आहे. ती म्हणायची, तुमचा आवाज असा येतो जसं तुम्हालाच कुणी शाबासकी द्यायला हवी. तेव्हा राग आला होता. चौथ्या वर्षी बापू दुकानात आले नाहीत. बाजाराच्या दिवशी मी त्यांना पाहिलं, माझ्या दुकानाच्या आधीच्या बोळात वळले आणि मागच्या गल्लीतल्या दुकानातून रोखीने युरिया घेऊन गेले. रोखीने! माझे पैसे गेले ते गेलेच, माणूसही गेला. तीन वर्षांचं ओझं घेऊन त्यांना माझ्या पायऱ्या चढवेनात.

पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की 'नाही' म्हणण्याचा त्रास मला होत होता. समोर बसलेला म्हातारा माणूस, त्याचा उतरलेला चेहरा, ते मला बघवत नव्हतं. ते टाळायला मी 'हो' म्हणत होतो आणि त्याला त्यांची दया असं नाव देत होतो. चौथ्या वर्षी ते कसे फेडतील, असा विचार मी त्यांच्या जागी बसून एकदाही केला नाही. केला असता तर दुसऱ्याच वर्षी सांगितलं असतं: बापू, मागचे राहू द्या, पण या वर्षी फक्त बियाणं आणि एक खताचा डोस माझ्याकडून, फवारणीचं रोखीनं आणा, आणि पाच एकरांऐवजी तीनच एकर कपाशी लावा, दोन एकर ज्वारी घाला, निदान चारा आणि भाकरी घरची होईल.

असं 'नाही' म्हणायला शीक. मी ते तीन गोष्टींसकट म्हणतो: आकडा, कारण, आणि काय देऊ शकतो ते. "तुमच्याकडे मागचे बेचाळीस हजार आहेत. अजून तीस हजारांचं दिलं तर दिवाळीला बहात्तर हजार होतील आणि तुमचा सगळा कापूस माझ्याच दारात येईल, घरी काय नेणार? म्हणून आज बारा हजारांपर्यंत देतो." माणूस नाराज होतो. पण घरी जाऊन बायकोला सांगताना त्याच्याकडे सांगायला एक धड वाक्य असतं. "शेठने हाकलून दिलं" यापेक्षा ते बरं.

समजून घेणं म्हणजे मान्य करणं, अशी तुझ्या मनात कुठेतरी गाठ पडली आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, तुला आठवत असेल, तू कॉलेजात असशील. पुढच्या वर्षी आपल्याकडच्या लोकांनी त्याच भावाची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवला. पडवीत कापूस, माजघरात कापूस, पोरं कापसावर झोपायची, अंगाला खाज सुटायची, आणि भाव सात-आठ हजारांच्या वर जाईना. मे महिना आला तरी गंज्या तशाच. माझ्याकडे एक नाना यायचे. "कपाशीले भावच नई भाऊ, कशी विकू?"

त्यांचं मला शंभर टक्के समजत होतं. आदल्या वर्षी त्यांनी दिवाळीत विकून टाकला आणि नंतर शेजाऱ्याने वाट पाहून तीन-चार हजार जास्त घेतले, ती टोचणी त्यांना होती. मी त्यांच्या जागी असतो तर मीही थांबलो असतो. पण एक गोष्ट त्यांच्या जागेवरून दिसत नव्हती, ती माझ्या जागेवरून दिसत होती: ते भावाशी जो जुगार खेळत होते त्यात पत्ते त्यांचे होते आणि पैसे माझे. मी त्यांना हे अशाच शब्दांत सांगितलं, हसत सांगितलं, पण सांगितलं. "नाना, चाळीस क्विंटल आहे ना घरात? माझ्यापुरता आठ क्विंटल विका. बत्तीस क्विंटलवर तुम्ही खुशाल थांबा, बारा हजार मिळाले तर मला पेढे द्या." त्यांनी दहा विकला. पेढे काही मिळाले नाहीत, भाव उतरतच गेला. पण बहुतेकांची त्या वर्षाची उधारी अडकली, तेव्हा माझी बऱ्यापैकी सुटली. तुझे वडील ज्याला कडकपणा म्हणतात तो मी त्यात कुठेच वापरला नाही, आणि तू ज्याला समजून घेणं म्हणतोस तेही नाही.

दुसरी बाजू सांगतो, कारण वसुली हे या प्रश्नाचं एकच तोंड आहे.

केळीवर सीएमव्ही नावाचा विषाणूरोग येतो, आपल्याकडे त्याला हरण्या म्हणतात. जुलै-ऑगस्टात ढगाळ हवा, झडीचा पाऊस लागला की कोवळ्या बागेत पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागतात. मावा तो पसरवतो, आजूबाजूला काकडीवर्गीय वेली किंवा तण असलं की त्याला आयतं घर मिळतं. एकदा झाड धरलं की औषध नाही. उपटा, लांब नेऊन गाडा किंवा जाळा, आणि बाकीच्या बागेत माव्याचा बंदोबस्त करा. असाच एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला होता. चार हजार रोपांची बाग, रोपं माझ्या दुकानातून बुक केलेली. दुकानात शिरतानाच ओरडला, "तुमना रोपंच खराब व्हतात!" माझ्या मुलाने लगेच उत्तर दिलं की हा विषाणू आहे, यावर औषध नसतं, आमचा दोष नाही. आता बघ, यातली पहिली दोन वाक्यं पक्की खरी होती. तिसरं तर बाग बघितल्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ज्याच्या बागेत पट्टे दिसले आहेत त्याला पहिलं वाक्य 'आमचा दोष नाही' असं ऐकू आलं की तो पुढचं काही ऐकत नाही. त्याला गाडी काढायला लावली, मी त्याच्या मागे बसून बागेत गेलो.

बागेत मी तासभर फार बोललो नाही. ओळीने फिरत गेलो, लागण झालेली झाडं मोजली. तो मोजताना शांत होत गेला. मोजणीला तो गुण आहे, हजार वाटतात ती सहाशे निघतात. मग बांधावर बसलो, तेव्हा त्याने विचारलं ते महत्त्वाचं: "एखादी फवारणी तरी सांगा ना, काहीतरी मारतो." इथे दुकानदाराची खरी परीक्षा असते. माझ्याकडे रॅकवर पाच-सहा हजारांचं टॉनिक होतं, बाटलीवर सोनेरी लेबल, आणि समोरचा माणूस ते मागत होता, स्वतःहून. दिलं असतं तर त्याला दोन आठवडे बरं वाटलं असतं. याला आपल्या लाइनीत "शेतकऱ्याच्या समाधानासाठी" म्हणतात. मी सांगितलं, या झाडांवर एक रुपयाही टाकू नको, तो पैसा उपटायच्या मजुरीला ठेव. माव्यासाठी जे लागतं तेवढं दिलं. रोपांच्या बिलाची तारीख बागेच्या नव्या अंदाजाने पुढे ढकलली, बिल मात्र सोडलं नाही. रोपवाटिकेकडे त्याची तक्रार माझ्या सहीने पाठवली. तिथून काही फारसं निष्पन्न झालं नाही, पण कागद गेला हे त्याने पाहिलं.

तो आजही आमच्याकडेच येतो. येताना ओरडतच येतो, तो त्याचा स्वभाव आहे.

तुझ्या काउंटरवरच्या मुलाबद्दल जरा कडू बोलतो. तू म्हणतोस घरच्यासारखं वागवलं. घरच्यासारखं म्हणजे काय? आपल्याकडे बहुतेक दुकानांत त्याचा अर्थ असा असतो की रविवारी गाडी आली तरी त्याला हाक मारता येते, दिवाळीच्या रात्री पूजेला तो आपल्याकडे पाहिजे, आणि पगार वाढवायची गोष्ट काढली की "अरे तू काय परका आहेस का?" जुन्या सालदारकीत, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्यांच्या बाबतीत, हेच होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल ठरायचं, मालकीण सालदाराच्या पोरांना आमरस-मांडे वाढायची, माया खरी असायची, आणि वर्षभराचा हिशेब झाला की उचल वजा जाऊन त्याच्या हातात काही उरायचं नाही. ती माया खोटी होती असं मी म्हणत नाही. ती पगाराच्या जागी वापरली जात होती, एवढंच. आजचा मुलगा शेजारच्या दुकानात हजार-दीड हजारासाठी जातो तेव्हा त्याच्या मनात काय आहे, हे तू त्याला विचारलंस का? मी पैज लावतो, विचारलं नाहीस. "एवढं करून गेला" याच दुःखात आहेस. बोलाव त्याला, परत घ्यायला म्हणून बोलावू नको, नुसतं विचार. पुढच्या मुलाच्या वेळी उपयोगी पडेल.

माझीही एक चूक सांगतो, म्हणजे तुला वाटणार नाही की म्हातारा नुसता शहाणपणा करतो. २०१८ च्या मार्चपासून युरियाची गोणी पन्नास किलोची पंचेचाळीस झाली. मी हिशेबी माणूस. हमालांना गोणीला पाच रुपये होते, मी म्हटलं दहा टक्के वजन कमी, साडेचार करा. कागदावर चोख. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि हमाल आलेच नाहीत. गाडीवाला भाडं मोजत उभा, आभाळ भरलेलं, युरिया भिजला तर गेला. मी चिडलो, पाच किलो कमी उचलायचे आणि वर माज. त्यांच्यातला म्हातारा मुकादम शांतपणे म्हणाला, शेठ, तुम्ही एक दिवस उचला. माझं त्या वेळी वय पंचावन्न. वीस गोण्या उचलल्या. पंचविसाव्यापर्यंत जाऊच शकलो नाही. पण मोजायला मात्र शिकलो. दहा टनांच्या गाडीत आधी दोनशे गोण्या यायच्या, आता दोनशे बावीस. म्हणजे गोदामाच्या सहा पायऱ्या बावीस वेळा जास्त चढायच्या आणि पैसे तेच, हजाराच्या आसपास. मी किलोत मोजत होतो, ते फेऱ्यांत मोजत होते. दर पाचवर आणला, आणि त्या दिवशीची माझ्या वीस गोण्यांची हमाली मुकादमाने माझ्या हातावर ठेवली, शंभर रुपये, सगळ्यांसमोर. अजून पाकिटात आहे ती नोट.

ठिबकच्या कामात असंच. आमच्याकडे पाइपाच्या चाऱ्या खोदायला सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या टोळ्या येतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांचे सणाचे भोंगऱ्या बाजार भरतात आणि टोळीतलं एकही माणूस थांबत नाही, तुम्ही दुप्पट मजुरी द्या. कंपनीचा एक नवा इंजिनियर पुण्याहून आला होता, तो म्हणे हे लोक भरवशाचे नाहीत. अरे बाबा, ते इतके भरवशाचे आहेत की पंचांग बघून तू आत्ताच सांगू शकतोस की पुढच्या वर्षी ते कोणत्या तारखेला नसतील! आम्ही त्या आठ दिवसांत कामच लावत नाही, आणि जाताना हिशेब पूर्ण करून देतो, बाजारात हातात पैसा असावा म्हणून. होळीनंतर तीच टोळी परत येते. शेतकऱ्यालाही आधीच सांगून ठेवतो.

आणि हे फक्त खालच्या बाजूला नसतं. मार्चअखेर कंपनीचा सेल्समन तुझ्याकडे येईल, चेहरा पडलेला, टार्गेटला दोन लाख कमी. "साहेब, एवढं बिलिंग करून घ्या, एप्रिलमध्ये परत घेतो." त्याची नोकरी टांगणीला आहे हे खरं असतं. त्याला चहा पाज, त्याचं ऐक, त्याच्या वरच्या साहेबाला तुझ्या विक्रीचे खरे आकडे त्याच्या नावाने लिहून पाठव, त्याला ते उपयोगी पडतं. माल घेऊ नको. एप्रिलमध्ये त्याची बदली झालेली असते आणि माल तुझ्या गोदामात असतो. मी हा माल दोनदा घेतला आहे, म्हणून सांगतो.

तू एक प्रश्न विचारला नाहीस, पण तो तुझ्या अकरा लाखांत दडलेला आहे: खरंच अडलेला कोण आणि बनवणारा कोण, हे ओळखायचं कसं? माझा अंदाज असा. खरा अडलेला माणूस उशिरा येतो, कमी बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात तपशील असतो, किती एकर, कोणता दवाखाना, सोसायटीचे किती. तो बहुतेक वेळा नवीन काही मागतच नाही. बनवणाऱ्याची गोष्ट गुळगुळीत असते, त्यात तुझी स्तुती असते, "तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला", आणि त्याच दमात नव्या मालाची यादी निघते. चुकतो मी, अजूनही चुकतो. पण दहातले सात बरोबर निघाले तर दुकान चालतं.

तर आता तुझी दीडशे खाती. एक नवी वही घे, मोबाइलवर नको, कागदाची. प्रत्येक नावासमोर पैशाच्या आधी चार गोष्टी लिही: पाणी आहे की कोरडवाहू, काय लावलं आहे, माल कुठे विकतो, घरात या वर्षी काय आहे, लग्न, आजारपण, बांधकाम. ज्यांच्यासमोर या चारपैकी एकही गोष्ट तुला लिहिता येत नाही, त्यांना तू उधार दिलंस कसं, हा प्रश्न तुझा तुलाच पडेल. माझा अंदाज आहे अशी पन्नास तरी निघतील. मग प्रत्येकाचा वायदा त्याच्या पिकाप्रमाणे नव्याने ठरव, त्याच्या समोर बसून, आणि तारीख त्याच्याकडूनच वदवून घे. त्याने स्वतः "दिवाळीनंतरचा दुसरा बुधवार" म्हटलं असेल तर त्या दिवशी फोन करायला तुलाही जड जात नाही आणि त्यालाही तो अपमान वाटत नाही. त्या तारखेला मात्र फोन कर. न चुकता. तिथे ढिला पडलास तर वर लिहिलेलं सगळं पाण्यात.

आणि ते आप्पा. त्यांना फोन करू नकोस आता. सकाळी आठच्या आत जा, नंतर ते रानात जातील. वही नेऊ नकोस, आकडा तुला पाठ असेलच. आधी कपाशी बघायला चला म्हण. पैशाची गोष्ट बांधावर काढ, घरात नको, घरात सून असते, नातवंडं असतात. आणि तुझ्या गाडीवर दुकानाचं नाव रंगवलेलं असेल तर ती गावच्या पारावरच लाव आणि त्यांच्या घरापर्यंत चालत जा.